चंद्राचा च आणि चांदण्याचा च : व्यंजनांचे प्रकार शिकवायचे कसे?

ऊनसावली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी नागपूरची, राहते धरमपेठेत. आमच्या ऑफिसात रायपूर-जबलपूरकडून बदलून आलेले बरेच जण आहेत. काउंटरवर आलेल्या माणसाशी मराठीत बोलता यावं म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना थोडंथोडं शिकवते. लिपी त्यांना येतेच, क्रियापदंही पटापट उचलली. अडलं ते 'च'पाशी.

एकीनं थेट विचारलं, "मॅडम, आप चंद्र अलग बोलती हैं और चांदणं अलग, लिखती एक ही हैं. ऐसा क्यों?"

मी जन्मभर दोन्ही शब्द बोलत आले, पण सांगायची वेळ आली तेव्हा "तोंडाला सवय असते" यापलीकडे काही सुचेना. घरी येऊन व्याकरणाचं जुनं पुस्तक काढलं. त्यात क ते म ही पंचवीस 'स्पर्श व्यंजनं', य-र-ल-व अर्धस्वर, श-ष-स उष्मे, ह महाप्राण आणि ळ 'स्वतंत्र'. च-ज-झ चे तालव्य आणि दंततालव्य असे दोन उच्चार असतात, अशी एक ओळ आहे. पण कुठे कोणता, आणि तोंडात नेमकं काय वेगळं होतं, याबद्दल अवाक्षर नाही.

जाणकारांनी मदत करावी. च ही खरंच दोन व्यंजनं आहेत का? क, त, प यांच्याच रांगेतला हा आवाज आहे की वेगळ्या जातीचा? आणि ळ बिचारा स्वतंत्र कशापायी?

बर्डीकर

घ्या, सुट्टीत डबा खायचा सोडून व्याकरण करून राहिल्या ताई! हजर आहे, वाचून राहिलो.

दंतमूल

प्रश्न छान आहे. शाळेत आपल्याला वर्णमाला पाठ करवतात, पण ती पाहायची कशी ते कोणी सांगत नाही.

व्यंजनाला तीन प्रश्न विचारायचे. हवा कुठे अडली? गळा वाजतोय का? आणि अडलेली हवा सुटली कशी? आपली वर्णमाला पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं फार सुरेख देते. क-वर्गापासून प-वर्गापर्यंत उभं खाली उतरलं की घशाकडून ओठांकडे येतो. आडवं गेलं की अघोष, मग घोष, शेवटी अनुनासिक, आणि मधेमधे हवेच्या झोतासह सुटणारे महाप्राण. गळ्यावर बोट ठेवून आधी 'स्स्स' म्हणा, मग हिंदीतला नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला 'ज़्ज़्ज़'. दुसऱ्या वेळी बोटाखाली थरथर जाणवेल, तोच घोष.

तिसऱ्या प्रश्नात मात्र च-वर्गाचं बिंग फुटतं. 'त्' म्हणा आणि तो लांबवायचा प्रयत्न करा. येत नाही. जीभ दातांना लागते, सुटते, खेळ खलास. हे स्फोटक व्यंजन. 'स्' हवा तेवढा लांबवा, दम संपेपर्यंत. हे घर्षक, कारण हवा पूर्ण अडतच नाही, फटीतून घासत जाते. आता 'चूल'मधला च् म्हणा आणि सोडू नका, ओढत राहा. सुरुवातीला हवा अडते, पण हाती उरतो तो 'स्स्स'. 'चिमणी'तला च् तसाच ओढा. इथे उरेल 'श्श्श'.

म्हणजे दोन्ही च सुरू होतात स्फोटकासारखे आणि संपतात घर्षकासारखे. मराठी व्याकरणात याला अर्धस्फोटक म्हणतात, काही जण स्पर्शघर्षक. क-त-प च्या पंगतीत च बसवलाय खरा, पण त्याची जात वेगळी. आणि दोघांच्या शेपट्या वेगळ्या, म्हणून मराठीत ते दोन आवाज. चुलीच्या च ला जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकतं. चिमणीच्या च ला टोक रिकामं राहतं आणि त्याच्या मागचा पसरट भाग टाळूला चिकटतो. 'चिंच' हा शब्द अगदी सावकाश म्हणून बघा, पहिला च टाळूचा, दुसरा दातांचा. जीभ पुढे सरकलेली स्वतःला कळते. 'झीज'मध्येही तेच, पहिला झ मागचा, शेवटचा ज पुढचा.

कोथरूडचा

दंतमूल यांच्याशी सहमत. फक्त एक नोंद. नागपूरकडे हा फरक करतच नाहीत असा माझा अनुभव आहे. सगळे च हिंदीतल्यासारखे. त्यामुळे धागाकर्तीनं शिकवण्याआधी प्रमाण उच्चार ऐकून घ्यावेत असं सुचवतो.

बर्डीकर

आले पुण्याहून सर्टिफिकेट वाटायला!

भाऊ, १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. कचेरीत, बाजारात दोन्ही भाषा पिढ्यान् पिढ्या चालत आल्या. माझ्या इतवारीतल्या आत्याच्या तोंडून 'चूल' ऐका एकदा, दातांतला च असा खणखणीत येतो की बस. तिचाच नातू इंग्रजी शाळेत जातो, दोस्तांशी हिंदी बोलतो, तो चूल म्हणतो चिमणीच्या च नं. एकाच घरात दोन च नांदून राहिले. 'नागपूरकडे करतच नाहीत' हे कोणाकडे पाहून ठरवलं?

कोथरूडचा

कोणाला दुखवायचा हेतू नव्हता. पण नातवाबद्दल तुम्हीच सांगताय ते माझंच म्हणणं झालं.

बर्डीकर

अर्धं झालं. आत्या वगळली तुम्ही.

दंतमूल

दोघंही जरा दमानं. (या 'जरा'तला ज दातांचा. म्हातारपण या अर्थाचा संस्कृत 'जरा' टाळूचा. लिहायला सारखेच.)

कुठे कोणता, हे विचारलं होतं, तर ढोबळ नियम असे. इ, ई, य पुढे आले की नेहमी टाळूचा: चिखल, चीक, जीभ, झिम्मा. ए पुढे बहुतेकदा टाळूचाच: चेंडू, चेहरा, झेंडा. अ, आ, उ, ओ पुढे आले आणि शब्द मराठीत मुरलेला असला की दातांचा: चाक, चोर, जुना, जोडा, झाड, झोप. संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला शब्द असला की टाळूचा. तुमच्या सहकारी बाईंना इथेच उत्तर मिळेल. चंद्र आणि चांदणं, चक्र आणि चाक, चर्म आणि चामडं या जोड्या त्यांच्यापुढे ठेवा. डावीकडचे संस्कृतातून आलेले, उजवीकडचे प्राकृतातून झिजत आलेले. जपमाळेतला जप टाळूचा, जपून चालण्यातला दातांचा. गुरूचे चरण टाळूचे, गाईचं चरणं दातांचं.

अपवाद आहेत. 'राजा' संस्कृत असून ज दातांचा. नियम म्हणून पाठ करायला लावू नका, जोड्या ऐकवा.

गंमत पुढे आहे. 'माझा' दातांचा, 'माझी' टाळूचा, हे नियमातच बसतं. पण 'माझे घर' आणि 'माझे मित्र' म्हणून बघा. पहिल्यात झ दातांचा, दुसऱ्यात टाळूचा, जवळजवळ 'माझ्ये'. लिहायला कान्यामात्रेचाही फरक नाही. हे घर, हे मित्र, एक एकवचनी नपुंसक आणि एक अनेकवचनी पुल्लिंगी, हा फरक आपण जिभेच्या टोकाने सांभाळतो. हल्ली बोलताना 'माझं घर' म्हणतो म्हणून लक्षात येत नाही इतकंच.

गद्यपद्य

एक शंका मनात आली आणि तिचं उत्तरही सापडलं, म्हणून लिहितोय. दातांचा च जर त् आणि स् मिळून होतो, तर त्याला जोडाक्षर का म्हणू नये?

वृत्तात लिहिणाऱ्यांनी मात्रा मोजून पाहाव्यात. 'उत्सव' घ्या. त् आणि स् ही खरी जोडी, म्हणून आधीचा उ गुरू होतो आणि एकूण मात्रा चार. 'उचल' घ्या, दातांचाच च आहे, पण उ लघूच राहतो, मात्रा तीन. उत्-सव असं तुटतं, उ-चल असं तुटतं. कानाला च हा एकच ठोका वाटतो. कवितेनं हे ध्वनिशास्त्राच्या आधीच ठरवून टाकलंय.

दर्या आणि दऱ्या यांतही असंच काहीतरी आहे ना?

दंतमूल

@गद्यपद्य, झकास. मात्रांचा पुरावा मी वापरलाच नव्हता, यापुढे वापरीन.

दर्या-दऱ्याचंही तेच तर्कशास्त्र. समुद्राचा 'दर्या' म्हणताना दर्-या असा तुटतो, द वर जोर येतो. डोंगरांमधल्या 'दऱ्या' द-ऱ्या अशा, जोर नाही. तसंच 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना'. पहिल्यांना वंदन करायचं, दुसऱ्यांना जेवण किती जणांचं ते सांगायचं. लिपीनं र चे हे दोन वेष आवर्जून जपले, च ला मात्र एकाच सदऱ्यात कोंबलं.

वैनगंगाकाठ

मी भंडाऱ्याकडची. ळ चा विषय निघालाय तर आमची झाडीबोली कशी विसरून चालेल?

आमच्याकडे जुन्या माणसांच्या बोलण्यात ळ नाहीच, तिथे र येतो. डोळा म्हणजे डोरा, काळा म्हणजे कारा. तुम्ही अमरावती-अकोल्याकडे सरका, तिथे वऱ्हाडीत तोच डोळा डोया होतो आणि काळा काया. ण तर दोन्हीकडे न झालेला, पानी आणि कोन. आमच्यात छ आणि श चाही स होतो. लहानपणी शाळेत यावरून फार बोलणी खाल्ली. आता कळतं की चूक कशी म्हणायची, सगळा गाव एकाच पद्धतीनं 'चुकत' असेल तर?

मला विचारायचंय ते हे: ळ गेला की त्याच्या जागी र किंवा य च का येतात? क किंवा स का नाही?

दंतमूल

@वैनगंगाकाठ, कारण हे शेजारी आहेत. ळ म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं आणि हवा जिभेच्या दोन्ही बाजूंनी जाते. म्हणून तो पार्श्विक, ल चा मूर्धन्य (जीभ मागे वळवून म्हणायचा) भाऊ. बाजूची वाट बंद झाली आणि टोकानं नुसता फटका मारला की र च्या जवळ जातो. टोक टाळूला टेकलंच नाही, जीभ नुसती उचलली गेली की य च्या जवळ. तोंड आळस करतं, पण जवळच्या खुर्चीतच बसतं. क ला जायचं तर सगळंच बदलावं लागेल.

ळ ला 'स्वतंत्र' म्हणतात कारण अभिजात संस्कृतच्या वर्णमालेत त्याला जागा नाही आणि आपली वर्णमाला तिथून घेतलेली. पण वैदिक भाषेत तो आहे. ऋग्वेदाची पहिलीच ऋचा 'अग्निमीळे' अशी सुरू होते. तिथे दोन स्वरांमध्ये आलेला ड ळ होतो. आपल्याकडेही 'घोडा'तला ड 'डबा'तल्या ड इतका घट्ट नसतो, जीभ नुसती फटकून जाते. ड, ळ, र यांची ये-जा जुनीच आहे.

ण आणि ळ यांच्यात आणखी एक साम्य बघा, दोघांनीही मराठी शब्द सुरू होत नाही.

ऊनसावली

बापरे, दोन दिवसांत केवढं लिहिलंत सगळ्यांनी! ओढून बघायची युक्ती काल सुट्टीत करून पाहिली. सगळे टेबलाभोवती बसून स्स्स आणि श्श्श करत होते, शिपाईमामांना वाटलं कुकर लावलाय.

चिमणीचा च त्यांना येतोच, तो त्यांच्या हिंदीतला. चुलीचा मात्र येईना. कोणी 'सूल' म्हणे, कोणी 'तूल'. मग आठवलं की 'उत्सव' तर ते बिनचूक म्हणतात. 'उत्सव'मधला उ आणि व काढून टाका म्हटलं, उरलं ते पटकन एका दमात म्हणा. जमलं की! 'ज'साठी त्यांचाच 'ज़रा' वापरला. त्याच्याआधी जीभ क्षणभर दातांमागे टेकवली की मराठी 'जरा' होतो.

रायपूरच्या एका दादांनी वहीत चुलीच्या च खाली टिंब द्यायला सुरुवात केलीय. ही पद्धत बरोबर आहे का?

अजून एक. ख आणि घ दोन्ही महाप्राण असं मी सांगितलं. ओठांपुढे कागदाची पट्टी धरली की क ला हलत नाही आणि ख ला उडते, हे दाखवलं. घ ला मात्र पट्टी जेमतेमच हलली. असं का?

दंतमूल

टिंबाला हरकत नाही. मराठीत प्रचार नाही, पण काश्मिरी देवनागरीत लिहिताना दातांचा च असाच नुक्ता देऊन दाखवतात. शिकणाऱ्याच्या वहीत चालेल.

घ चा प्रश्न खोल आहे. क, ख, ग यांतला फरक वेळेचा आहे. जीभ सुटते तो क्षण शून्य धरा. क मध्ये गळा त्यानंतर लगेच वाजू लागतो. ख मध्ये उशिरा, मधल्या काळात नुसती हवा जाते, तीच तुमची पट्टी उडवते. ग मध्ये जीभ सुटण्याआधीच गळा वाजत असतो. लिस्कर आणि अब्रॅमसन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९६४ मध्ये अकरा भाषांत हा अवधी मोजला, त्यांत मराठी आणि हिंदी दोन्ही होत्या. बहुतेक भाषांत एवढ्या एका मोजमापानं स्फोटकं नीट वेगळी पडली. मराठी-हिंदीत मात्र ग आणि घ वेगळे होईनात, कारण दोन्हींत गळा आधीपासूनच वाजतो.

मग घ कशानं वेगळा? गळा वाजण्याच्या तऱ्हेनं. घ सुटताना स्वरतंतू पूर्ण जवळ येत नाहीत, थोडे सैल राहतात, आणि आवाजात श्वास मिसळतो. ख मध्ये नुसता श्वास आहे, घ मध्ये श्वास मिसळलेला आवाज. हवा तंतूंच्या मधून वाट काढत येते म्हणून तुमच्या पट्टीला जोर कमी लागला.

हाच सैल गळा म्हैस, न्हाणी, कोल्हा, कुऱ्हाड यांत आहे. म्ह, न्ह, ल्ह, ऱ्ह. ही वर्णमालेत नाहीत, पण बोलण्यात घट्ट रुजलेली आहेत. हिंदीवाल्या मंडळींकडून 'म्हैस' म्हणवून घ्या, 'भैंस' म्हणणारे आधी 'महैस' म्हणतील.

ज्यांना डोळ्यांनी बघायचंय त्यांच्यासाठी 'प्राट' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोघांनी केलेलं. मोबाइलवर 'चूल, चिमणी' रेकॉर्ड करून त्यात टाका, आवाजाचं चित्र उमटेल. दोन्ही च च्या आधी कोरी पट्टी दिसेल, ती हवा अडल्याची. तिच्यामागे करड्या रंगाचा धुरळा. चुलीचा धुरळा वरच्या बाजूला दाटतो, चिमणीचा बराच खालपासून सुरू होतो.

प्राणहिता

माझं माहेर सिरोंचाकडचं, घरी तेलुगू. हा धागा वाचताना मजा येतेय, कारण आमच्या तेलुगूतही हे दोन्ही च आहेत. पुढे अ, आ, उ, ओ आला की दातांचा, इ-ए आला की टाळूचा. 'चालु', म्हणजे 'पुरे', यातला च अगदी तुमच्या चुलीचा. तेलुगू लिपीत दातांच्या च आणि ज साठी वेगळी अक्षरंही आहेत, पण रोजच्या लिखाणात ती कोणी वापरत नाही. ऊनसावलीताई, तुमच्या ऑफिसात कोणी तेलुगू असेल तर त्याला मास्तर करा.

पण एक सांगा, च-ज-झ ला दोन-दोन रूपं, छ ला एकच, असं का? छ नं कोणाचं काय बिघडवलं?

दंतमूल

@प्राणहिता, छ चा दातांचा जुळा होता, तो पळून स च्या घरात राहायला गेला.

हिंदी आणि मराठी शेजारी ठेवा, नागपुरात हे काम सोपं आहे. छुरी आणि सुरी. मछली आणि मासळी. कछुआ आणि कासव. प्राकृतातला छ हिंदीनं ठेवला, मराठीत तो घासून नुसता स उरला. आणि पुढे इ-ए असेल तर श. क्षेत्र, प्राकृतात छेत्त, मराठीत शेत. म्हणजे दात आणि टाळू यांची वाटणी इथेही झालीच आहे, फक्त ती स आणि श च्या रूपात दिसते. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल ब्लॉक यांच्या १९२० साली छापलेल्या मराठीच्या इतिहासात हा सगळा प्रवास आहे. आज मराठीत छ दिसतो तो बराचसा संस्कृत, हिंदी वगैरेंतून नंतर आलेला, म्हणून तो टाळूचाच.

वैनगंगाकाठ

म्हणजे आमची आजी छ चा स करायची ती मराठीचंच जुनं काम पुढे नेत होती! आता कोणी हसलं तर हा धागा दाखवते.

कोथरूडचा

हे छुरी-सुरी माहीत नव्हतं, मस्त. एक भर घालतो. 'संस्था', 'संशय' हे शब्दही तुमच्या सुट्टीतल्या पाठात घ्या. मराठीत अनुस्वारानंतर स-श आला की सौंस्था, सौंशय असा नाकातला व ऐकू येतो, हिंदीत सन्स्था. क ते म यांपैकी काही पुढे असेल तर अनुस्वार त्या वर्गाचं अनुनासिक होतो, रंगात घशाचं, पंपात ओठांचं. पुढे घर्षक आला की त्याला टेकायला जागाच नसते.

बर्डीकर

हे बरं लिहिलं पुणेकर. आत्याला तुमचा नमस्कार सांगतो.

माझा शेवटचा बाळबोध प्रश्न. महाराजबागेला आम्ही 'झू' म्हणतो. हिंदीत 'ज़ू' लिहितात, मराठीत झ का? तिथे महाप्राण कुठून आला?

दंतमूल

तो महाप्राण नाहीच. बोलताना दातांच्या झ मधला श्वास बऱ्याचदा गळतो आणि सुरुवातीची अडवणूकही सैल पडते. उरतं ते इंग्रजी झेड च्या अगदी जवळचं. म्हणून मराठीनं झेड साठी झ धरला. झेरॉक्स, झोन, झू. हिंदीला नुक्ता देऊन ज लिहावा लागतो.

मात्र 'पिझ्झा' लिहितो ते इंग्रजी स्पेलिंग बघून. इटालियन माणूस तिथे झेड म्हणतच नाही, तो चुलीचाच च दुप्पट करून म्हणतो. जपानी 'त्सुनामी'ची सुरुवातही त्याच च ची.

बर्डीकर

म्हणजे दातांतला 'पिच्चा'? आमच्या सदरमधल्या हॉटेलात असा मागवला तर वेटर मॅनेजरला बोलावून आणेल.

ऊनसावली

उद्याच्या सुट्टीचा पाठ ठरला. आधी म्हैस, मग सुरी-छुरी. @प्राणहिता, अकाउंट्समध्ये एक जण करीमनगरचे आहेत, त्यांना गाठलंय. पहिल्याच झटक्यात 'चूल' म्हणाले आणि विचारलं, "इसमें मुश्किल क्या है?"